कपड्यांचा ड्रायर बसवण्याआधी: नागपूरच्या घरातली लाईन, प्लग आणि अर्थिंग

नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि वाळले तरी त्यांचा कुबट वास जात नाही. घरात तान्हं बाळ असेल, किंवा कुणाचा युनिफॉर्म रोजच्या रोज लागत असेल, तर ड्रायर ही चैन राहत नाही. दुकानात किलो, प्रोग्रॅम, किंमत यावर भरपूर बोलणं होतं. तो घरात कोणत्या वायरवर चालणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मशीन येतं, गॅलरीत ठेवलं जातं आणि जवळचा बोर्ड शोधला जातो. नागपूरच्या बहुतेक घरांत तो बोर्ड कूलरचा असतो.

कूलर साधारण २०० वॅट घेतो. हीटरचा ड्रायर २००० ते २८०० वॅट घेतो, आणि तेही दीड-दोन तास सलग. मिक्सरसुद्धा पॉवर खातो, पण दोन मिनिटं. गीझर पाणी तापलं की स्वतःच बंद होतो. ड्रायर भर पावसाळ्यात, दमट हवेत, पाण्याच्या नळाशेजारी उभा राहून पूर्ण लोडवर चालतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: ड्रायरला डीबीपासून (मीटरनंतरच्या मुख्य बोर्डापासून) स्वतःची वेगळी लाईन द्या, तिच्यावर आरसीबीओ (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) लावा, आणि अर्थिंग मोजून झाल्याशिवाय मशीन सुरू करू नका. पुढे याचाच तपशील आहे.

आधी मशीनची पाटी वाचा

दार उघडल्यावर चौकटीवर किंवा मागच्या बाजूला एक पाटी असते. तिच्यावर व्होल्ट, हर्ट्झ, वॅट आणि बहुधा अँपिअरही लिहिलेले असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २५०० वॅटचा ड्रायर सुमारे ११ अँपिअर घेईल, २८०० वॅटचा सव्वाबारा.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. व्हेंटेड ड्रायर गरम दमट हवा पाईपमधून बाहेर फेकतो. कंडेन्सर ड्रायर त्याच हवेतलं पाणी टाकीत साठवतो. हे दोन्ही हीटरवर चालतात. तिसरा हीट पंपचा. त्यात एसीसारखा कॉम्प्रेसर असतो आणि तो बहुधा ६०० ते १००० वॅटमध्ये काम भागवतो. किंमत जास्त, वेळही थोडा जास्त लागतो, पण सात किलोच्या एका घाण्याला जिथे हीटरवाला चार-साडेचार युनिट खातो तिथे हा दीड-दोन युनिटमध्ये भागवतो. महिन्याला पंधरा घाणे धरले तर फरक पस्तीस-चाळीस युनिटांचा. महावितरणचे घरगुती टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात. तुमचं बिल त्या कडेवर असेल तर हा फरक नुसत्या युनिटांपुरता राहत नाही. वायरिंग जुनं असेल आणि भिंती फोडायची तयारी नसेल, तर मी हीट पंपाकडेच बोट दाखवेन. वेगळी लाईन त्यालाही द्यावी, पण ताण बराच कमी पडतो.

वॉशर-ड्रायर, म्हणजे एकाच ड्रममध्ये धुणं आणि वाळवणं, हाही २००० वॅटच्या आसपास जातो. त्याला ‘वॉशिंग मशीनच तर आहे’ म्हणून जुन्याच पॉइंटवर लावू नका.

परदेशातून सामानासोबत ड्रायर आणण्याचा विचार असेल, तर अमेरिकेतला आणू नका. तिथला विजेवरचा ड्रायर १२०/२४० व्होल्टच्या जोडणीसाठी आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. त्याच्या आतला काही भाग १२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे नुसता प्लग बदलून भागत नाही. युरोपातला ड्रायर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच असतो. धोका त्याच्या प्लगमध्ये आहे. त्या प्लगला दोन गोल पिना असतात आणि अर्थिंगची पट्टी कडेला. तो आपल्या सॉकेटमध्ये ढिला का होईना बसतो, मशीन चालू होतं, पण अर्थिंग कुठेच जोडलेलं नसतं. भारतात विकलेल्या मशीनसोबतही असा प्लग निघाला, तर कंपनीच्या माणसाकडून तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग लावून घ्या आणि त्याची नोंद वॉरंटीच्या कागदावर करून घ्या.

मीटर, मेन स्विच, मंजूर भार

विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. बऱ्याच जुन्या जोडण्यांवर तो एक-दोन किलोवॅट एवढाच आहे. घर बांधलं तेव्हा पंखे, ट्यूबलाईट आणि टीव्ही होता. नंतर गीझर आला, एसी आला, इंडक्शन आलं, आकडा तसाच राहिला.

पावसाळ्यातली एक सकाळ धरा. गीझर ९ अँपिअर, इंडक्शन ९, टाकीत पाणी चढवणारी एक एचपीची मोटर ६ आणि ड्रायर ११. बेरीज ३५ होते. मेनला ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) असेल तर तो एवढ्यावर लगेच पडेलच असं नाही. तो पडला तर बरंच, कारण त्याच्या मागची, मीटरपासून घरात येणारी वायर किती जाड आहे हे अनेकांना माहीतच नसतं. अपार्टमेंटमध्ये खाली मीटर रूममधून चौथ्या मजल्यावर येणारी केबल आणि तिच्या टोकांचे जोड वायरमनकडून उघडून बघून घ्या. काळा पडलेला जोड दिसला तर ड्रायरच्या आधी त्याचं काम करा.

भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येतो. एका मर्यादेपुढे थ्री फेज घ्यावं लागतं. ते तुमच्या भागातल्या उपविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. भार वाढवेपर्यंत, आणि खरं तर नंतरही, गीझर आणि ड्रायर एका वेळी न चालवणं हा सोपा उपाय आहे. आपल्याकडे निदान एसी आणि कूलरचा मोसम वेगळा आणि ड्रायरचा वेगळा, एवढी सोय आहे.

नवी लाईन ओढणं हे बल्ब किंवा स्विच बदलण्यासारखं काम नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना असावा लागतो. परवाना विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस लगेच दाखवतो.

जागा

ड्रायर बाथरूमच्या आत नको. गॅलरीत ठेवायचा असेल तर पावसाची झड कुठवर येते ते एका जोराच्या पावसात बघा. आपल्याकडे वाऱ्यासोबत आडवा पाऊस येतो आणि ग्रिलच्या आत चार फुटांपर्यंत फरशी ओली होते. झड पोचते तिथे ना मशीन, ना सॉकेट. दुसरी जागाच नसेल तर बाजूला पत्रा किंवा स्लायडिंग खिडकी आणि सॉकेटला झाकणाची पाणीरोधक पेटी, हे दोन्ही हवं.

सॉकेट मशीनच्या मागे घेऊ नका. बाजूला, हात सहज पोचेल असं, जमिनीपासून सव्वा मीटरवर घ्या. काही जळाल्याचा वास आला तर साठ किलोचं मशीन ओढून मग स्विच शोधायचा, असं व्हायला नको. वॉशिंग मशीनवर ड्रायर चढवून ठेवायचा असेल तर दोघांना दोन वेगळ्या लाईन द्या. फ्रंट लोड मशीनमध्येही पाणी तापवणारा हीटर असतो, त्यामुळे दोन्ही एकदम चालली की एका पॉइंटवर २० अँपिअर जातील.

व्हेंटेड मशीनचा पाईप बहुधा चार इंची असतो. तो कमीत कमी वळणं घेत थेट बाहेर काढा. दाबलेल्या पाईपमुळे हवा अडते, मशीन जास्त तापतं आणि थर्मोस्टॅट वारंवार हीटर तोडत राहतो. लोक मग त्याला विजेचा बिघाड समजतात. हीट पंप आणि कंडेन्सर मशीनच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. ऑगस्टमध्ये अडचण नाही. पश्चिमेच्या बंद गॅलरीत मे महिन्यात मात्र ते मशीन चालवू नका, आणि तेव्हा त्याची गरजही नसते, दोरीवर तासाभरात कपडे वाळतात.

वायर: इथे पैसे वाचवू नका

वायर किती करंट सोसते हे तिच्या जाडीवर जेवढं अवलंबून आहे, तेवढंच ती कुठून आणि कोणासोबत जाते यावर आहे. भिंतीतल्या पाईपमधून जाणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंश तापमानाला साधारण २४ अँपिअर सोसते. तापमान ४५ अंश धरलं की तो आकडा १९ वर येतो. त्याच पाईपमध्ये दुसऱ्या एखाद्या लोडच्या सर्किटची जोडी असेल तर १५ वर. नागपुरात उन्हात तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीला ४५ हा फार पुढचा आकडा नाही.

आता तीच आकडेमोड लाईटच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरला लावा. मुळात साडेसतरा अँपिअर, ४५ अंशांना पावणेचौदा, आणि एका पाईपमध्ये तीन सर्किटं कोंबलेली असली की दहाच्याही खाली. ड्रायरला ११ हवेत. म्हणजे त्या बोर्डावर ड्रायर चालेल, दिवे लागलेले राहतील, काही दिसणार नाही. भिंतीच्या आत वायरचं आवरण मात्र प्रत्येक घाण्याला थोडं थोडं कडक होत जाईल.

म्हणून स्वतंत्र पाईप, त्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी, मध्ये कुठेही जोड नाही. डीबी ते सॉकेट अंतर पंधरा-वीस मीटरपर्यंत असेल तर २.५ चौरस मिलिमीटर पुरते. वीस मीटरवर व्होल्टेज तीन-चार व्होल्टच उतरतं. अंतर जास्त असेल, पाईप उन्हाच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून जात असेल, किंवा दुसऱ्या सर्किटसोबत जायची वेळ आली, तर सरळ ४ चौरस मिलिमीटर घ्या. मी विचाराल तर नव्या घरात ४ च घालावी. मजुरी तीच लागते.

बर्डीला किंवा इतवारीत वायर घेताना तिच्या अंगावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला बघा. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. अर्थची वायर फेजएवढीच जाड घ्या. मशीनच्या कॉर्डमध्ये रंग वेगळे असतात: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. प्लग बदलताना तेवढं लक्षात ठेवा. जुन्या घरात भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. तो जोड काही महिन्यांत ढिला होतो आणि तापू लागतो.

एमसीबी आणि आरसीबीओ

या दोघांची कामं वेगळी आहेत आणि इथे गल्लत फार होते. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवायचं काम आरसीसीबी किंवा आरसीबीओचं. आरसीसीबी फक्त गळती ओळखतो, आरसीबीओमध्ये त्यासोबत एमसीबीही असतो.

१६ अँपिअरच्या सॉकेटला आणि २.५ च्या वायरला सी कर्व्हचा (सुरू होतानाचा क्षणिक जादा करंट सोसणारा) १६ अँपिअरचा एमसीबी. तो १६ वर लगेच पडत नाही. १८ अँपिअरपर्यंत तासभर टिकू शकतो, २३ च्या पुढे गेल्यावर तासाभराच्या आत पडतो. वारंवार पडतो म्हणून ‘ताई, ३२ चा टाकून देतो, मग नाही पडत’ असं कोणी म्हटलं, तर ते काम तिथेच थांबवा. मग वायर जळेल आणि एमसीबी शांत बसेल. एमसीबी ३० अंशांच्या हिशेबाने बनवलेला असतो. डीबी उन्हाच्या भिंतीवर असेल आणि आत सगळे एमसीबी खेटून बसवलेले असतील, तर तो आकड्याच्या आधीही पडतो. अशा वेळी डीबीची जागा बदला किंवा ड्रायरचा एमसीबी थोडा मोकळा ठेवा, आकडा वाढवू नका.

आता आरसीबीओ का, ते. समजा ड्रायरच्या हीटरची फेज आतल्या पत्र्याला टेकली. तुमच्या घरच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडचा २. मग अर्थमधून साडेदहा अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी कधीच पडणार नाही, आणि मशीनचा पत्रा जवळजवळ २१० व्होल्टवर राहील. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दार उघडलं, तर पुढचं सांगायला नको. आरसीबीओ फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जोखत असतो. फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की तो ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडतो.

घराच्या मेनवर आरसीसीबी आधीच असला तरी ड्रायरला वेगळा आरसीबीओ लावा असं मी सांगेन. पावसाळ्यात फ्रीज, गीझर, मोटर, गॅलरीतला बोर्ड अशी सगळीकडून थोडी-थोडी गळती होत असते. हीटरही ओल धरतो. सगळ्यांची बेरीज एकाच आरसीसीबीवर आली की तो कारण नसताना पडतो, आणि वैतागून लोक तो बायपास करून टाकतात. वेगळा आरसीबीओ असला की कुठे बिघाड आहे ते लगेच कळतं आणि बाकी घर चालू राहतं. इन्व्हर्टर मोटरचं किंवा हीट पंपाचं मशीन असेल तर आरसीबीओ ‘टाइप ए’ मागा. साधा ‘टाइप एसी’ अशा यंत्रांची गळती दर वेळी ओळखेलच असं नाही.

एक चूक फार आढळते: ड्रायरची फेज आरसीबीओमधून आणि न्यूट्रल जवळच्या दुसऱ्या बोर्डावरून. मशीन सुरू होताक्षणी आरसीबीओ पडतो आणि दोष आरसीबीओला दिला जातो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्यातूनच आली पाहिजेत.

मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात विदर्भात विजा फार पडतात. डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा क्षणिक झटका अर्थिंगकडे वळवणारं यंत्र) लावलात तर ड्रायरसोबत फ्रीज आणि टीव्हीचे सर्किट बोर्डही वाचतात. पण त्याला चांगलं अर्थिंग लागतं. स्टॅबिलायझर हीटरच्या मशीनला शक्यतो लागत नाही. व्होल्टेज २०० वर आलं तर हीटर तीन-चतुर्थांश उष्णता देतो, कपडे उशिरा वाळतात इतकंच. व्होल्टेज २६० च्या वर जात असेल तर मात्र मशीन बंद ठेवा आणि महावितरणकडे तक्रार नोंदवा, बहुधा कुठेतरी न्यूट्रल ढिला असतो. घरचा बॅटरी इन्व्हर्टर ड्रायर ओढू शकत नाही, म्हणून ही लाईन इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवा.

सॉकेट

जळालेले सॉकेट उघडून बघितले की बहुतेकांत एकच गोष्ट दिसते. पुढून प्लास्टिक थोडं पिवळं पडलेलं, फेजच्या भोकाची कड तपकिरी. मागे स्क्रूखाली वायरच्या तारांपैकी अर्ध्याच दाबलेल्या, बाकीच्या बाहेर काळ्या झालेल्या. त्या जागी अवघा ०.२ ओहमचा रोध असला, तरी ११ अँपिअरला तिथे २४ वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, दीड तास चालू ठेवल्यासारखं हे आहे. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट तर ठरल्याएवढाच आहे.

तेव्हा आयएसआय चिन्हाचा, चांगल्या कंपनीचा, तीन पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. ६ आणि १६ दोन्ही पिना बसतात तो कॉम्बो सॉकेट मी ड्रायरला लावत नाही, मोठ्या पिनांवर त्याची पकड सैल वाटते. वायरचं टोक सोलताना एकही तार तुटू देऊ नका, टोकाला लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून मग स्क्रू घट्ट करा, आणि वायर हलकी ओढून बघा. प्लग घालताना जोर लागला पाहिजे. सहज सरकत असेल तर तो सॉकेट परत करा. स्विच १६ अँपिअरचा, शक्य असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा २० अँपिअरचा डबल पोल.

एक्स्टेंशन बोर्ड नको, मल्टिप्लग नको, १६ ची पिन ६ च्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर तर मुळीच नको. ‘वायरमन येईपर्यंत दोन दिवस चालवू’ हेही नको. एसीसाठी मिळते ती पत्र्याची पेटी मजबूत असते, पण तिच्यासाठी मशीनचा मूळ प्लग कापावा लागतो, म्हणून वॉरंटीत ती वापरू नका.

अर्थिंग

‘अर्थिंगची वायर नाही आली ना, काही हरकत नाही, न्यूट्रलहून देऊन देतो.’ हे वाक्य नागपुरात अनेक घरांनी ऐकलं असेल. सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरचा एक इवलासा तुकडा टाकला जातो. टेस्टर काही दाखवत नाही, मशीन चालतं, सगळे खूश. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल किंवा ढिला होईल, त्या दिवशी पूर्ण फेज त्या तुकड्यातून मशीनच्या पत्र्यावर येईल. काम झाल्यावर सॉकेट उघडायला लावा आणि असा तुकडा नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दर उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. कूलरचा असो की ड्रायरचा, पत्रा सारखाच.

स्वतंत्र घर असेल तर अंगणात अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा. ले-आउटमधल्या बऱ्याच घरांत तो फरशीखाली गाडला गेलेला असतो. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसात ती फुगून इलेक्ट्रोडला घट्ट धरते आणि रोध छान कमी असतो. मे महिन्यात तीच माती आक्रसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते आणि रोध कितीतरी वाढतो. म्हणून ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा वर्षभराचा समजू नका. मोजायचं असेल तर पाऊस पडण्याआधी मोजा, आणि उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. नवा खड्डा करायचा तर जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) ६०० बाय ६०० मिलिमीटरची, ६.३ मिलिमीटर जाड प्लेट, किंवा पाईप इलेक्ट्रोड. सोबत कोळसा-मीठ घालायची जुनी पद्धत चालते, पण मीठ जीआयला गंजवतं. बेंटोनाइटसारखं मिश्रण भरलेलं केमिकल अर्थिंग जास्त टिकतं. माझ्या मते घरासाठी ५ ओहमच्या आत असावं.

अपार्टमेंटमध्ये खड्डा सोसायटीचा असतो. तिथून येणारी पट्टी मीटर पॅनलपर्यंत असते, पण फ्लॅटच्या डीबीपर्यंत अर्थची वायर पोचली आहे का, हे तपासावं लागतं. मधल्या मजल्यावर कुणाच्या तरी नूतनीकरणात ती कापली गेलेली असते आणि वरच्या सगळ्यांचं अर्थिंग गेलेलं असतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे लेखी कळवा. हा सगळ्यांचा प्रश्न आहे.

सुरू करण्याआधीची तपासणी

मेन बंद ठेवून नव्या लाईनचा मेगर (वायरच्या आवरणातून गळती होते का याची चाचणी) ५०० व्होल्टवर घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही ठिकाणी किमान १ मेगाओहम हवा. नवी कोरडी वायर याच्या कितीतरी पट दाखवते. कमी आला तर पाईपमध्ये कुठे तरी खिळा किंवा ओल आहे.

मग लाईन देऊन मल्टिमीटर सॉकेटवर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हाच शेवटचा आकडा गीझर चालू करून पुन्हा घ्या. तो दहा व्होल्टवर चढला तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. नुसता मल्टिमीटर अर्थिंगची ताकद सांगत नाही, कारण सडकी वायरही त्याला २३० दाखवते. त्यासाठी लूप टेस्टर किंवा अर्थ टेस्टर लागतो. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून बघतात. अर्थ तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या मशीनच्या पत्र्यांवर फेज जाते. म्हणून टेस्टरच मागा, आणि बल्ब लावणारच असतील तर त्या वेळी घरात कोणीही फ्रीजला, गीझरला, नळाला हात लावू नये. ही चाचणी स्वतः करू नका.

आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा. तो खटकन पडला पाहिजे. पुढे दर महिन्याला एकदा दाबत जा.

पहिला घाणा पूर्ण भरून, सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर लावा आणि घरी थांबा. अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. घाणा संपल्यावर प्लग काढून पिना बघा. एखादी पिन निळसर किंवा काळपट झाली असेल तर सॉकेट बदलायचा. हीच पाहणी आठवड्याने आणि मग दर पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. प्रत्येक घाण्यानंतर जाळीतला लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू) काढा. तेल-तुपाचे, पेट्रोलचे डाग पडलेली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नका, ती गरम ढिगात आपोआप पेट घेऊ शकतात.

घाणा चालू असताना लाईन गेली तर मशीनचा शेवटचा थंड होण्याचा टप्पा होत नाही. कपडे गरम गोळा होऊन ड्रममध्ये पडून राहतात. स्विच बंद करा, प्लग काढा, दार उघडा आणि कपडे लगेच बाहेर काढून पसरवा. लाईन परत आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मग मशीन लावा. आरसीबीओ पडला असेल तर प्लग काढून तो वर करा. तो राहिला तर दोष मशीनमध्ये आहे, कंपनीच्या माणसाला बोलवा. प्लग काढूनही पडत असेल तर दोष लाईनमध्ये आहे, वायरमनला बोलवा. दोन्ही बाबतीत तोपर्यंत कपडे दोरीवर.